अडीच विसा वयाचे विद्यार्थी : डेन्मार्कमधल्या मोठ्यांच्या शाळा

कोपनहेगनमधल्या भाषावर्गाचा तिसरा की चौथा दिवस होता. बाईंनी फळ्यावर ५० लिहिलं आणि म्हणाल्या, "हॅल्ट्रेस." मग ६०, "ट्रेस." मग ७०, "हॅल्फ्येर्स." वर्गात कुरकुर सुरू झाली. चाळीसपर्यंत सरळ चाललेली गाडी एकदम रुळावरून घसरली होती. बाईंनी खुलासा केला. जुने डॅनिश लोक वीस-वीसचे गठ्ठे करून मोजत. साठ म्हणजे तीन विसा. आणि पन्नास म्हणजे 'अर्धा-तिसरा' वीस, म्हणजे दोन गठ्ठे पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. ब्राझीलची मुलगी कपाळाला हात लावून बसली. मला मात्र आजी आठवली. माझी आजी नारळ विसावर मोजायची. पन्नास नारळ म्हणजे तिच्या हिशेबात 'अडीच विसा', सत्तर म्हणजे 'साडेतीन विसा'. घरी येऊन शब्दकोश काढला, तर आपला 'अडीच' हा शब्दच मुळी संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आलेला. म्हणजे अर्धा-तिसराच की! पंचावन्न म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि पन्नास नंतर. तेही तसंच म्हणतात. त्या आठवड्यात वर्गात माझा भाव थोडा वधारला होता.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, आणि परदेशातून राहायला आलेल्याला नगरपालिका डॅनिश शिकायची संधी देते म्हणून मी त्या वर्गात जाऊन बसले. वर्गाचे तीन मार्ग असतात. ज्यांना रोमन लिपीच येत नाही किंवा ज्यांची शाळा फारशी झालेली नाही त्यांचा एक, थोडं शिकलेल्यांचा दुसरा आणि कॉलेज वगैरे केलेल्यांचा तिसरा. प्रत्येक मार्गाचे सहा टप्पे, शेवटी परीक्षा. आमच्यासारख्या नोकरीनिमित्त आलेल्यांकडून २,००० क्रोन अनामत घेतली होती. टप्पे पुरे केले की परत. मला तेव्हा वाटलं, ही परक्यांसाठी केलेली खास सोय असणार. पण मग लक्षात आलं, समोरच्या घरातल्या निवृत्त नर्सबाई मंगळवारी संध्याकाळी इटालियन शिकायला जातात, नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण चार महिन्यांची रजा घेऊन कुठल्याशा गावात राहून कुंभारकाम शिकून आला, आणि माझ्या शेजारच्या बाकावरचा पोलंडचा गृहस्थ, जो गोदामात कामाला होता, तो मधूनच आठवडाभर गायब होऊन दुसऱ्याच शाळेत जाऊन येत होता.

'प्रौढ शिक्षण' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कंदील, पाटी आणि अंगठ्याऐवजी सही करायला शिकणारे आजोबा येतात. त्यात कमीपणा काही नाही. १९५९ साली साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने तसंच गावच्या गाव साक्षर केलं. पण त्या चित्रात शिकणारा हा 'राहून गेलेला' माणूस असतो. डेन्मार्कमध्ये तसं नाही. २०१२ च्या सुमाराच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत तिथल्या दर तीन प्रौढांपैकी साधारण दोघांनी वर्षभरात काही ना काही शिक्षण घेतलेलं आढळलं होतं. देश केवढा, तर लोकसंख्या जेमतेम ६० लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती, त्यावरून अंदाज यावा.

एवढ्याशा देशात मोठ्यांना शिकवणाऱ्या संस्थांची इतकी नावं आहेत की पहिले सहा महिने माझा गोंधळच उडत होता. शेवटी एक सोपी किल्ली सापडली. मोठ्या माणसाला शिकवायला मास्तर मिळतो, खोली मिळते. मिळत नाही तो वेळ. तेव्हा प्रत्येक संस्थेला एकच प्रश्न विचारायचा : शिकायचा वेळ ही कोणाच्या खिशातून काढते? हा प्रश्न विचारला की सगळ्या संस्था आपापल्या जागी जाऊन बसतात.

सगळ्यात जुनी आहे ती 'फोल्केहोइस्कोले', म्हणजे लोकांची उच्च शाळा. तिच्यामागचं नाव निकोलाय ग्रुंटविग (१७८३–१८७२). हा धर्मोपदेशक, स्तोत्रं रचणारा, भांडकुदळ म्हणावा इतका वादपटू. त्या काळच्या लॅटिन शाळांना तो 'मरणाची शाळा' म्हणायचा, कारण तिथे जिवंत मुलांना मेलेली भाषा घोकायला लावत. त्याला हवी होती 'जगण्यासाठीची शाळा' : मातृभाषेत, बोललेल्या शब्दावर चालणारी, परीक्षा नसलेली. इंग्लंडच्या फेरीत केंब्रिजच्या एका कॉलेजात शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहतात, जेवतात, वाद घालतात हे त्याने पाहिलं होतं. तेच शेतकऱ्यांच्या पोरांना मिळावं असं त्याचं म्हणणं. गंमत अशी की स्वतः त्याने अशी शाळा चालवली नाही. ७ नोव्हेंबर १८४४ रोजी रोडिंग या गावात पहिली शाळा उघडली ती इतरांनी.

नोव्हेंबरच का? कारण शेतं गोठलेली. इथल्या हिवाळ्यात शेतकऱ्याला हाताला काम नसतं. शाळा नोव्हेंबरात भरायची आणि पेरणीच्या आधी सुटायची. पुढे मुलींसाठी वर्ग सुरू झाले ते उन्हाळ्यात. म्हणजे वेळ कोणाच्या खिशातून, या प्रश्नाचं पहिलं उत्तर होतं : हवामानाच्या.

शाळा प्रत्यक्षात कशी चालवायची हे दाखवलं ते क्रिस्टेन कोल्ड या चांभाराच्या मुलाने. १८५१ मध्ये त्याने फ्यून बेटावर रुस्लिंगे गावात शाळा काढली. माळ्यावर मुलं झोपायची, तिथेच हाही झोपायचा. त्याची एक गोष्ट इथे अजून सांगतात. एका विद्यार्थ्याने तक्रार केली, तुम्ही बोलता तेव्हा फार छान वाटतं पण नंतर काही आठवत नाही. त्यावर कोल्ड म्हणाला की शेतात निचऱ्याचे नळ पुरले तर जागा सापडावी म्हणून खूण करून ठेवावी लागते. धान्य पेरलं तर खूण कशाला, ते आपलं आपण वर येतं. परीक्षा का नको याचं याहून शेतकरी भाषेतलं स्पष्टीकरण मी ऐकलेलं नाही.

१८६४ मध्ये डेन्मार्क प्रशिया आणि ऑस्ट्रियाकडून हरला आणि दक्षिणेचा मोठा मुलूख गेला. रोडिंगची शाळाच सीमेपलीकडे गेली. मग शिक्षकांनी सीमेच्या अलीकडे आस्कोव या गावी १८६५ मध्ये नवी शाळा काढली. हरलेल्या देशात अशा शाळांची लाट आली. बाहेर जे गेलं ते आतून मिळवू, अशी तेव्हाची भाषा होती. १८८२ मध्ये येडिंग गावात पहिली सहकारी दूध डेअरी उभी राहिली. तिथला नियम असा की मतं डोक्यांवर मोजायची, गुरांच्या डोक्यांवर नाही. पन्नास गाईवाल्यालाही एक मत आणि दोन गाईवाल्यालाही एकच. सहकारी साखर कारखान्याचा सभासद असलेल्या घरात वाढलेल्या मला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. या डेअऱ्या होइस्कोलेंमुळेच उभ्या राहिल्या असं छाती ठोकून म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते जरा जास्त वाटतं. लोण्याला इंग्लंडची बाजारपेठ नसती तर नुसत्या व्याख्यानांनी डेअरी चालली नसती. पण सभेत उभं राहून बोलायची, हिशेब मागायची सवय त्या हिवाळ्यांनी लावली असणार, एवढं नक्की पटतं.

आस्कोवची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथे पॉल ला कूर नावाचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. १८९१ मध्ये त्यांनी शाळेच्या आवारात वीज तयार करणारी पवनचक्की उभी केली. शहरात वीज येईल, खेड्याचं काय, हा त्यांचा प्रश्न. पुढे त्यांनी खेड्यांत वीज नेणाऱ्या तरुणांसाठी वर्गही चालवले. त्या वर्गातला एक विद्यार्थी योहानेस यूल. म्हातारपणाकडे झुकल्यावर त्याने गेडसर इथे १९५७ मध्ये तीन पात्यांची पवनचक्की उभारली, आणि डेन्मार्कच्या आजच्या पवनचक्क्या तिच्याच वंशातल्या मानल्या जातात. परीक्षा न घेणाऱ्या शाळेकडून एवढं झालं म्हणजे कमी नाही.

आज अशा सत्तरेक शाळा आहेत. कायद्याने त्यांना दोन गोष्टी बंधनकारक : विद्यार्थ्यांनी तिथेच राहायचं, आणि परीक्षा घ्यायची नाही. तिसरी एक बारीक अट आहे ती मला फार आवडते. विषय कुंभारकाम असो की चित्रपट की नौकानयन, निम्मं शिकवणं व्यापक, सर्वसाधारण स्वरूपाचं असलं पाहिजे. नुसती कारागिरी शिकवून भागत नाही. वय साडेसतरा पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. सकाळी सगळे जमून जाड गाण्यांच्या पुस्तकातून एकत्र गातात. त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १८९४ ची आहे. सरकार शाळेला अनुदान देतं, पण राहण्या-जेवण्याचा आठवड्याचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून. कॉलेजच्या मुलांना मिळणारा सरकारी विद्यार्थी भत्ता इथे लागू नाही. म्हणजे इथला वेळ तुमचा तुम्ही काढायचा. त्यामुळेच बारावीनंतर वर्षभर श्वास घेणारी बऱ्या घरची मुलं इथे जास्त दिसतात. शेतकऱ्याच्या पोरांसाठी काढलेल्या शाळेचं हे असं झालं, हे इथले लोकही मान्य करतात.

संध्याकाळच्या शाळा, 'आफ्टनस्कोले', त्या मानाने साध्या. कामगार चळवळीने १९२४ मध्ये स्वतःची शिक्षणसंस्था काढली, इतर पक्षांच्या आणि विचारांच्या लोकांनी आपापल्या काढल्या. नगरपालिकेने अनुदान आणि खोल्या द्यायच्या असा कायदा आहे, म्हणून दिवसा जिथे दुसरीतली मुलं बसतात त्याच छोट्या खुर्च्यांवर संध्याकाळी आमच्या नर्सबाई इटालियन क्रियापदं चालवतात. इथला वेळ काम संपल्यानंतरचा, शिकणाऱ्याचाच.

आता येते ती खरी अवघड आणि मला सगळ्यात हुशारीची वाटलेली व्यवस्था. तिला 'आमू' म्हणतात. श्रमबाजार-शिक्षण या अर्थाच्या डॅनिश शब्दांचं ते लघुरूप. १९६० मध्ये कायदा झाला. शेतातली माणसं कारखान्यांकडे वळत होती आणि त्यांच्या हातात यंत्राचं कसब नव्हतं. आमूचे अभ्यासक्रम छोटे असतात, एक दिवसापासून काही आठवड्यांपर्यंत : वेल्डिंग, क्रेन, परांची बांधणं, स्वयंपाकघरातली स्वच्छता, वृद्धांची शुश्रूषा. फोर्कलिफ्टचं, म्हणजे गोदामात माल उचलणाऱ्या गाडीचं, प्रमाणपत्र सात दिवसांत. माझा पोलिश सहाध्यायी गायब व्हायचा तो इथे.

हुशारी कशात आहे ते सांगते. समजा, तुमचं दहा माणसांचं वर्कशॉप आहे. एकाला तुम्ही खर्च करून नवं वेल्डिंग शिकवलंत. शिकला, आणि दुसऱ्या महिन्यात शेजारच्याने शंभर रुपये जास्त देऊन त्याला नेला. पुढच्या वेळी तुम्ही शिकवाल? नाही शिकवणार. शेजारीही तोच विचार करणार. शेवटी कोणीच कोणाला शिकवत नाही आणि सगळेच 'कुशल माणूस मिळत नाही हो' म्हणून रडत बसतात. मोठी कंपनी स्वतःचं प्रशिक्षण केंद्र काढू शकते, पण डेन्मार्कमध्ये छोट्या कंपन्याच फार.

यावरचा उपाय म्हणजे सामाईक विहीर. प्रत्येक मालकाने आपल्या कामगारांच्या संख्येनुसार एका निधीत पैसे भरायचे. मालक स्वतःच्या कामगाराला शिकायला पाठवतो तेव्हा पगार चालू ठेवतो, आणि त्या दिवसांची भरपाई त्याला त्या व्यवस्थेतून मिळते. भरपाईचा दर बेरोजगारी भत्त्याच्या कमाल दराशी बांधलेला असतो, त्यामुळे सगळा पगार वसूल होतोच असं नाही. पण पाणी सगळ्यांनी भरलं आहे म्हटल्यावर न काढणारा मूर्ख ठरतो. आणि शिकलेला कामगार शेजाऱ्याकडे गेला तरी शेजाऱ्यानेही विहिरीत भर घातलेलीच असते. कामगारांच्या बाजूने पाहिलं तर शिकायचा वेळ इथे कामाच्या तासांतला आहे. रात्री थकून, पोरं झोपल्यावर, डोळे चोळत बसायचं नाही.

काय शिकवायचं हे मंत्रालयात बसलेला कोणी एकटा ठरवत नाही. एकेका क्षेत्रासाठी समिती असते, तिच्यात निम्मे मालकांचे प्रतिनिधी, निम्मे कामगार संघटनांचे. नवं यंत्र आलं की मालक म्हणणार हे शिकवा. संघटना म्हणणार, शिकवा, पण त्या एका कंपनीपुरतं नको, दुसरीकडेही चालेल असं शिकवा. त्या ओढाताणीतून जे निघतं ते देशभर एकच असतं. म्हणून एका गावात मिळालेलं प्रमाणपत्र दुसऱ्या टोकाच्या मालकाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे कोर्सच्या सर्टिफिकेटांनी फायली फुगतात आणि मुलाखतीत कोणी त्या उघडूनही पाहत नाही, तो अनुभव असलेल्याला यातली किंमत कळेल.

मग ज्यांना शाळेचीच परीक्षा द्यायची आहे त्यांचं काय? त्यांच्यासाठी 'व्हीयूसी' म्हणजे प्रौढ शिक्षण केंद्रं. इथे नववी-दहावीच्या पातळीचे विषय एकेक करून सुटे घेता येतात. त्यापुढे बारावीच्या तोडीची, १९६७ मध्ये सुरू झालेली 'एचएफ' परीक्षा असते, तीही हवी तर तुकड्या-तुकड्यांनी. या वर्षी गणित, पुढच्या वर्षी इतिहास. त्याच छताखाली वाचन आणि हिशेब पक्का करण्याचे मोफत वर्ग, आणि डिस्लेक्सिया असणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांना लिहिलेले शब्द वाचणं जड जातं त्यांच्यासाठी वेगळे, तेही मोफत. अशा माणसाला डॅनिशमध्ये 'ऑर्डब्लिंड' म्हणतात, शब्दशः शब्दांध. पन्नाशीपर्यंत 'मी मठ्ठच' असं समजत आलेल्या माणसाला तिथे पहिल्यांदा कळतं की आपल्यात खोट नाही, फक्त शिकवायची पद्धत वेगळी लागते.

आणखी एक गोष्ट इथली आपल्याकडे पटकन कळणारी नाही. तुम्हाला जे आधीच येतं ते मोजून घेण्याची रीत. वीस वर्षं सुतारकाम केलेला, पण कागद नसलेला माणूस व्यवसाय-शाळेत गेला तर त्याला पहिलीपासून बसवत नाहीत. आधी त्याच्याशी बोलतात, काम करून दाखवायला सांगतात, आणि जेवढं येतं तेवढं अभ्यासक्रमातून वजा करतात. २०१५ पासून पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला व्यवसाय-शिक्षणात घेताना ही मोजणी करावीच लागते. यात दया वगैरे काही नाही, हिशेब आहे : येत असलेलं पुन्हा शिकवण्यात त्याचाही वेळ जातो आणि सरकारचाही पैसा.

सगळं गोडच आहे असं नाही. ज्यांना सर्वात जास्त गरज, तेच सर्वात कमी येतात, ही रड इथेही आहे. पदवीधर आणखी एक पदविका घेतो. सातवीत शाळेला वैतागलेला साठीचा कामगार दारातूनच परत जातो. त्याला शाळेचा वासच नकोसा असतो. म्हणून वाचनाचे वर्ग कारखान्यातही भरवतात, शिक्षकच कॅन्टीनमध्ये जाऊन बसतो. व्हीयूसीची परिस्थितीही बिकट झाली आहे. २०१९ मध्ये पंचविशीच्या आतल्या मुलांसाठी निराळ्या तयारी-शाळा निघाल्या, तेव्हा व्हीयूसीचे बरेचसे विद्यार्थी तिकडे गेले, आणि लहान गावांत वर्ग भरण्याइतकी माणसं जमवणं कठीण झालं. आणि संस्था इतक्या आणि नियम इतके, की कोणाला कुठलं दार हे कळायलाच एक कोर्स हवा, असं आमच्या बाई हसत म्हणायच्या. त्यातून वाट दाखवायला सल्लागार असतात. पण सल्लागाराकडे जायचं हे ज्याला सुचतं, त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

पोलिश गृहस्थ आठ दिवसांनी वर्गात परत आला तो खिशातून नवं कोरं कार्ड काढतच. बाईंनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. मग त्याने फोन काढून गोदामातल्या फोर्कलिफ्टवरच्या पाटीचा फोटो दाखवला. किती वजन उचलायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. परीक्षेत तो आकडा त्याला मोठ्याने वाचावा लागला होता आणि तिथेच त्याची गाडी अडली होती म्हणे. बाईंनी तो फळ्यावर लिहिला, १७५० किलो, आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाचला. सतराशे आणि अडीच विसा.